बॅटरीवाल्याचं म्हणणं

या साहेब, बसा. ती खुर्ची नको, तिची स्प्रिंग गेलीय.
मी जयनंदन मंडल.
फारबिसगंजच्या या टॉकीजात सत्तावीस वर्षं
अंधारात लोकांना जागा दाखवतोय.
पडद्याकडे माझी पाठ असते.
तुमचा सिनेमा मी पाहिला
तो लोकांच्या तोंडावर.

का पडला म्हणता?
पाटण्याच्या वितरकाने सांगितलंच असेल :
तिकीट महाग, मोबाइल फुकट, लग्नसराई, परीक्षा.
असेलही.
पण पहिल्या दिवशी तीनशे दहा डोकी होती.
जोगबनीची हद्द ओलांडून
नेपाळातली पोरं सायकली हाणत आली होती.
दुसऱ्या दिवशी चाळीस.
त्यातले सहा पंख्याखाली झोपायला.

बाहेर सोगारथ सिंघाडे तळतो, तुमच्याकडचे समोसे.
त्याचं गणित साधं आहे :
सिनेमा चांगला असला की त्याचा माल उरतो.
लोक एक तोंडात कोंबतात, एक हातात धरतात
आणि घंटेआधी आत पळतात.
तुमच्या सिनेमाला त्याने दोनदा कढई चढवली.
आत हिरो हेलिकॉप्टरातून उतरत होता,
बाहेर दोघांची जुंपली होती
तागाच्या भावावरून.

राग मानू नका.
हिरोने ऐंशी माणसं मारली,
एकाचीही बायको त्याला शोधत आली नाही.
आई होती, ती अडीच तास रडली,
ती जेवली कधी, कुणाला दिसलं नाही.
आणि तो हिरो पोटासाठी करतो काय?
माझ्या भाच्याने हे विचारलं. वय वर्षं नऊ.

मग तुम्ही पूर दाखवलात.
आमच्या कोसीचा पूर, आम्हालाच.
दाखवलात तो आभाळातून.
वरून सगळं पाणी सारखंच दिसतं, साहेब.
हिरॉइन छातीभर पाण्यातून धावली.
छातीभर पाण्यात कुणी धावत नाही.
तिथे तुम्ही व्हायोलिनं लावली होती रडण्यासाठी,
हशा व्हायोलिनांच्या वर गेला.

पण एक जागा होती.
गाण्याच्या जरा आधी, डाव्या कोपऱ्यात
एक म्हातारा.
पाण्यातून चालता चालता त्याने काडेपेटी
गमछ्याच्या टोकात बांधली, डोक्यावर ठेवली,
वरून तपेलं पालथं घातलं.
तीन सेकंद. फार तर चार.
अख्खं थेटर गप्प.
खुर्च्यासुद्धा करकरल्या नाहीत.
पुढच्या रांगेतून मासळीवाली फुलकुमारी ओरडली,
"मीठ रे बाबा, मीठ पण घे वर!"
माझ्या हातातली बॅटरी विझली.
मी विझवली की आपोआप, आठवत नाही.
तेवढ्यात तुम्ही कापलंत.
गाणं.
बर्फ.

त्या म्हाताऱ्याचं नाव काय हो?

फोन कशाला... बरं, करा.

काय म्हणतो तुमचा माणूस?
यादीत नाही?
गावातलाच कुणी, पाण्यात चाल म्हटलं, चालला?
आणि काडेपेटी? ती कुणी दिली?
कुणीच नाही.
तपेलंही त्याचंच.

बघा.
तुमचे चौदा लेखक, मी पाटीवर वाचले,
एकाच्याही डोक्यात आलं नाही
की पुरात पहिली भिजते ती काडी.
आणि ज्याच्या डोक्यात होतं, डोक्यावर होतं,
त्याला तुम्ही चार सेकंदांत ओलांडलंत.
त्याच्या मागे गेला असतात तर?
कुठे पोचला, चूल कशावर पेटवली,
कुणाला आधी वाढलं?
फुलकुमारी पुन्हा तिकीट काढून आली असती.
मीठ मिळालं का, ते बघायला.

मला काही लिहिता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून.
पुढच्या खेपेला हेलिकॉप्टर आणा हवं तर,
आम्हाला हेलिकॉप्टर आवडतं,
फक्त ते पडेल की काय, अशी भीती वाटू द्या.

निघालात?
थांबा, बॅटरी दाखवतो.
तिसरी पायरी तुटलीय.